एक कोपरा नसलेलं आमंत्रण

वसुमतीच्या डोळ्यांसमोर एक रबरी कडं कायम तरंगत असे. शाळेत मुलींना चित्रकला शिकवताना, बसवनगुडीच्या रस्त्यानं घरी परतताना, अगदी तांदूळ निवडतानासुद्धा. जाळीवरून आलेलं ते कडं हवेत क्षणभर थबकायचं आणि खाली येईपर्यंत जगातली सगळी कामं थांबायची. टेनिकॉईटच्या खेळात कडं जमिनीला लागू द्यायचं नसतं, हा एकच नियम तिनं मनापासून पाळला. बाकीच्या नियमांच्या बाबतीत सगळा आनंदच होता.

१९५० साली तिला पाहायला धारवाडचे लोक येणार होते. स्थळ अहल्याआत्यानं आणलेलं. आई लवकर गेल्यावर वसुमतीला आणि धाकट्या गुरुराजला या आत्यानंच वाढवलं होतं. वसुमती हे नावही पाळण्यात तिनंच ठेवलेलं. नेमका त्याच संध्याकाळी मैदानावर शेवटचा सामना होता. "अर्ध्या तासात आलेच," म्हणून वसुमती पदर खोचून गेली आणि दिवेलागणीला परतली. पाय धुळीनं माखलेले, हातात कडं, चेहऱ्यावर जिंकल्याचं हसू. पाहुणे उप्पिटाच्या बशा रिकाम्या करून केव्हाच निघून गेले होते.

"आजपासून तू मला मेलीस," आत्या एवढंच म्हणाली.

पुढं तिच्या यजमानांची धारवाडला बदली झाली, तशी आत्या गेली ती गेलीच. बारा वर्षांत पत्र नाही, पाऊल नाही. वसुमतीचं लग्न झालं नाही, त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. आत्याचं मात्र वाटायचं. फार वाटायचं.

आणि मग गुरुराजला मुलगी झाली. त्याच्या बायकोला, क्षमाला, माहेर उरलं नव्हतं, म्हणून बाळंतपण इथंच झालं.

"अक्का, नाव तू ठेवायचंस," गुरुराज म्हणाला. "आमंत्रणंही तूच काढ. फक्त स्वल्प साधी असू देत."

साधी! वसुमतीनं चिकपेटेच्या बाजारातून जाड कार्डं आणली, रंगांच्या वाट्या मांडल्या आणि ती खिडकीपाशी जाऊन बसली. बाहेर दुपार सुस्तावली होती, आत दुपट्यात बाळ झोपेत हसत होतं. त्या हसण्याकडं बघता बघता तिला सगळं मैदान दिसायला लागलं. क्रिकेटवेड्या शेजारी मल्हाररावांसाठी तिनं तीन यष्ट्यांना टांगलेला पाळणा काढला. गुरुराजच्या कारखान्यातल्या मित्रांसाठी हॉकीच्या दोन काठ्यांना बांधलेली झोळी काढली, आणि क्षमाच्या मैत्रिणींसाठी लगोरीच्या सात चकत्या रचून वर इवलंसं टोपडं ठेवलं.

"वन्सं, पोरीचं बारसं आहे की ऑलिंपिक?" क्षमा हसून म्हणाली.

कडं मात्र तिनं कुणाच्याच कार्डावर काढलं नाही. ते एकाच कार्डासाठी राखलं होतं, धारवाडच्या. जाळीवर तरंगणारं मोठं निळं कडं, आणि त्या कड्यात गाढ झोपलेलं बाळ. खाली लिहिलं, 'मी आत्या झाले. तू ये.' हे कार्ड तिनं चारदा काढलं. चौथ्यांदा जमलं, तोच कोपऱ्यावर शाईचा डाग पडला. दुसरं कार्ड शिल्लक नव्हतं आणि टपाल निघायची वेळ झालेली. तिनं कात्री घेतली, डागाचा कोपरा कापून टाकला, पत्ता लिहून पाकीट बंद केलं आणि तरंगतच जाऊन पेटीत टाकून आली.

बारशाच्या आदल्या दिवशी क्षमा शेजारपाजारची आमंत्रणं घेऊन बसली होती. एकेका कार्डाच्या चारी कोपऱ्यांना ती हळदकुंकू लावत होती. वसुमती बघत होती, आणि बघता बघता तिला धारवाडच्या कार्डाचा कापलेला कोपरा आठवला.

कोपरा नसलेलं पत्र म्हणजे कुणीतरी गेल्याची बातमी. असं पत्र घरात घेत नाहीत. दारातच वाचून फाडतात आणि अंघोळ करतात. शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली ही गोष्ट तिच्या ध्यानातसुद्धा आली नव्हती. बारा वर्षांनी आत्याला बोलावलं, तेही सुतकाचं पत्र धाडून! आता ती कसली येतेय? उरलंसुरलंही आपल्या हातानं तोडलं, असं वसुमतीला वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात रांगोळी काढत असताना घोड्याचा जटका येऊन थांबला. आतून अहल्याआत्या उतरली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. तिनं दारावरचं तोरण पाहिलं. रांगोळीनं हात भरलेली वसुमती पाहिली आणि ती मटकन पायरीवर बसली.

"आहेस?" ती म्हणाली. "वसू, तू आहेस?"

गुरुराज धावत बाहेर आला. "आत्या, काय झालं?"

"काल पाकीट आलं. दारातच फोडलं. चष्मा जवळ नव्हता, यजमान फिरतीवर. अक्षरं काही लागेनात. कोपरा कापलेला तेवढा दिसला, आणि कडं दिसलं." आत्यानं डोळ्यांना पदर लावला. "कडं पाहिलं आणि म्हटलं, आमची वसूच गेली."

"अगं, कुणाकडून तरी वाचून घ्यायचंस!"

"काय वाचून घेऊ? मीच म्हटलं होतं ना हिला, मेलीस म्हणून? ते खरं झालं असं वाटलं रे मला. रस्ताभर देवाला सांगत आले, मागे घेते म्हणून."

रांगोळीच्या हातांनी वसुमतीनं आत्याचे पाय धरले, आणि दोघी त्या पायरीवर बसून मनसोक्त रडल्या. जटकेवाला लगाम धरून बिचारा ताटकळत उभा राहिला.

दुपारी पाळणा हलला. वसुमती वाकली आणि बाळाच्या कानात म्हणाली, "कुर्र... नयना." रीतीप्रमाणं जमलेल्या बायकांनी नव्या आत्याबाईच्या पाठीत हलके धपाटे घातले, हसल्या. मग मागून एक धपाटा आला तो मात्र हलका नव्हता. पाठ चांगली सणकली.

वसुमतीनं वळून पाहिलं.

"पुन्हा अशी मेलीस तर बघ!" अहल्याआत्या म्हणाली, आणि तिनं तिथंच हात ठेवून पाठ चोळायला घेतली.