तुटायला हवा असलेला दोर

नवलाख उंबरे गावाजवळच्या आमच्या कारखान्यात मासेमारीचे दोर वळतात. समुद्र राहिला घाटाखाली, आणि देवमासा आमच्यापैकी कुणी जन्मात पाहिलेला नाही. तरी त्याच्यापायी आमचा जीव टांगणीला लागला होता.

परदेशातून मागणी आली. खेकड्याचा पिंजरा ओढताना दोर टिकावा, पण देवमासा अडकला आणि त्यानं हिसडा दिला की तुटावा. मला सोपवलेलं हे पहिलंच काम, आणि दोन नमुने नापास होऊन परत आले. तुटतच नव्हते! यंत्रावरचे आबा गुपचूप एक पदर जास्तीचा घालायचे.

"तुटका दोर दिला तर लोकं तोंडात श्यान घालतील, ताई," म्हणाले.

मी त्यांना मोबाइलवर दोरात गुरफटलेली देवमाशाची मादी दाखवली. आबा बघतच राहिले. तिसऱ्या नमुन्याला त्यांनी हात आवरला, असं निदान ते म्हणाले. तोही नापास झाला तर काम दुसऱ्या कारखान्याला जाणार होतं.

नमुना तयार झाला तो नेमका खंडेनवमीच्या आदल्या रात्री. सकाळी ताण मोजायच्या यंत्राचीही पूजा झालेली, वर झेंडूचा हार. पूजलेल्या यंत्राला त्या दिवशी हात लावायचा नाही, आणि नमुना तर तपासून संध्याकाळी पाठवायचा!

"मंग आमी कशाला हाय? वढू की!" आबा म्हणाले.

नमुन्यातला एक तुकडा घेऊन अंगणात रस्सीखेच लागली. एकीकडे नवे सदरे घातलेले पुरुष, दुसरीकडे पदर खोचलेल्या आम्ही सगळ्या बायका. आधी बेतानं ओढलं. दोर टिकला. मग आबा ओरडले, "आता देवमासा व्हा रं समदी!"

फाट्‌दिशी दोर तुटला आणि पाळीवरची सगळी माणसं उताणी पडली. नव्या साड्या चिखलात, कुणाची टोपी कुणाच्या डोक्यावर. मला हसू आवरेना, उठता येईना. दोर तुटला म्हणून टाळ्या पिटणारा कारखाना दुसरा कुठं नसेल.

नमुना पास झाल्याचं कळलं तशी मी पेढे घेऊन आबांकडे धावले. त्यांनी पेढा हातातच धरला.

"तसलं मासं हायेत तरी किती समुद्रात?"

"फार नाहीत उरले, आबा."

त्यांनी पेढा तोंडात टाकला, हात पुसले आणि यंत्र चालू केलं. "मंग समद्यांना पुरंल येवढा तुटका दोर वळतो."