लाल रंगाखालची भेग

बाहत्तरच्या दुष्काळात अर्धा ऊस जागच्या जागी वाळला, तरी कारखान्यानं हंगाम धरलाच. मी तिथं नवा इंजिनिअर. धातूच्या भेगा कशा वाढतात ते पुण्यात शिकून आलेलो, आणि त्याची घमेंडही होती. थोरला भाऊ तिथंच यार्डात होता. गाडीतल्या उसाला साखळी बांधून ती क्रेनच्या हुकात अडकवायची, हे त्याचं काम.

उन्हाळ्यात मी हुकाला रॉकेल लावलं, तो कोरडा पुसला आणि वर खडूची भुकटी फासली. हुकाच्या वळणाशी, भेगेत मुरलेल्या रॉकेलची ओली रेघ उमटली. तिच्या टोकांना पंच ठोकून खुणा केल्या. पुढं दुरुस्तीची अवजड कामं त्याच क्रेनवर झाली आणि रेघ खुणांच्या पुढं सरकली. एका भट्टीतले हुकसुद्धा सारखे टिकत नाहीत, म्हणून किती उचलींनंतर किती धोका, याचा मी अंदाज मांडला. माझ्या वरच्या साहेबांनी एकच विचारलं, तुटणार की नाही? मी म्हणालो, असे पुष्कळ हुक घेतले तर बहुतेक हंगाम काढतील, थोडे तुटतील, पण बदलाच. नवा यायला वेळ लागेल, शिवाय यंदा ऊस कमी, म्हणजे उचलीही कमी, असं ते म्हणाले. डोकंच फिरलं माझं. शेवटी दर आठवड्याला भेग मोजायची आणि वाढली की क्रेन बंद, एवढं कबूल करून घेतलं.

मोळीपूजनाआधी सगळी यंत्रं रंगवायची, ही आमच्याकडची रीत. हुक भावानंच हौसेनं लाल ऑइलपेंटनं रंगवला, चांगले दोन हात दिले. खुणा बुजल्या, भेग बुजली. पूजेत वर हळदकुंकू चढलं. मी रंग खरवडायला गेलो तर त्यानं माझा हात धरला.

"पूजा झालेल्या हुकाला कुनी खरवडतं व्हय? हंगाम सरंस्तवर हात लावायचा न्हाई."

अरे बाबा, त्याच्याखाली तूच उभा राहणार आहेस, असं मी सगळ्यांदेखत ओरडलो. तो हसला. लई शिकलास आन् भित्रा झालास, म्हणाला. बाकीचे कामगार त्याच्याच बाजूचे. साहेब म्हणाले, लोकांचं मन मोडू नका. दर आठवड्याची मोजणी तिथंच राहिली.

संक्रांतीनंतर हुक तुटला. उसाची अख्खी मोळी भावाच्या अंगावर आली. नगरला नेईपर्यंत तो गेला होता. तुटलेला तुकडा मी हातात घेऊन पाहिला. निम्मं तोंड जुन्या भेगेचं, काळपट; उरलेलं त्या दिवशी तुटलेलं, चकचकीत. तुम्हीच म्हणाला होतात ना, बहुतेक निभतात, असं साहेब चारचौघांत बोलले. त्यांचं नरडं धरावंसं वाटलं. पण खोटं ते बोलत नव्हते.

ते बोलणं आईच्या कानावर गेलं. तेराव्यानंतर तिनं मला समोर बसवलं.

"थोडे तुटत्यात, म्हनला हुतास. मंग त्या थोड्यात आपला का न्हाई धरलास?"

मी हुक धरला होता, उसाचं वजन धरलं होतं, उचली धरल्या होत्या. खाली कोण उभं आहे, हे धरायला त्या गणितात जागाच नसते. हे तिला कोणत्या तोंडानं सांगू?