वैद्याची चिठ्ठी

लढाई सुरू होऊन दहा मिनिटं झाली नसतील, तोवर मी मेलो. तेही माझ्याच बावळटपणानं.

करवंदीच्या जाळीत मी दबा धरून बसलो होतो. आमच्या सैन्याचा हेर. शत्रूचे दोघं दहा हातांवरून निघून गेले, त्यांना पत्ता लागला नाही. मग मागून आमचे सर आले. गळ्यात शिट्टी, हातात वही. ते पंच. आणि सर दिसले म्हणून मी ताडकन उभा राहिलो, हात जोडले. "नमस्कार सर."

पहिलीपासूनची सवय. गुरुजी दिसले की उठायचं.

ते दोघं मागं वळले. हसत आले. माझ्या कमरेला खोचलेली लाल फडक्याची पट्टी त्यांनी ओढून घेतली. ओढताना बोट लागू नये म्हणून अगदी टोकाला चिमटीत धरून. पट्टी गेली की माणूस मेला, असा नियम. मी जागच्या जागी आडवा झालो. आडवा झालो तो नेमका तांबड्या मुंग्यांच्या वाटेवर. मेलेल्याला खाजवायची परवानगी नव्हती.

घरात पोरांना ही गोष्ट मी इथवर सांगतो. पोरं हसून लोळतात. "अण्णा, लढाईत कोण नमस्कार घालतंय वो?" मी पण हसतो, मुंग्या कुठं कुठं चावल्या ते हातवारे करून दाखवतो. मग कुणीतरी पाणी मागतं, कुणाला झोप येते, गोष्ट संपते. पुढचं मी कधी सांगितलं नाही. आज लिहितो.

गुंजीजवळच्या रानात आमचं शिबिर होतं. बेळगावात शिक्षक व्हायच्या ट्रेनिंगला होतो आम्ही. बेचाळीस जण. सात दिवसांचं शिबिर, शेवटी सरांचा शेरा. शेऱ्याशिवाय सर्टिफिकेट नाही. सर्टिफिकेटशिवाय नोकरी नाही. मी निपाणीचा. आई घरात विड्या वळायची. लग्नाला वर्ष झालं होतं, बायको तंबाखूच्या वखारीत जायची आणि तिच्या मजुरीवर मी शिकत होतो. तेव्हा याची लाज वाटायची. म्हणून शिबिरात सांगून ठेवलं होतं, घरचं किराणा दुकान आहे. माझ्या चपला बघितल्यावर कुणीच विश्वास ठेवला नाही. जात मात्र कुणाला विचारावी लागली नव्हती. शिष्यवृत्तीची यादी वर्षाच्या सुरुवातीलाच बोर्डावर लागलेली असायची.

तर हा खेळ. सरांनीच बसवला होता, रानभर पसरलेला. दोन सैन्यं, एकवीस-एकवीस माणसांची. एक राजा, एक सेनापती, काही हेर, काही पहारेकरी. कामं चिठ्ठ्या टाकून वाटायची. "म्हणजे कुणावर अन्याय नको," सर म्हणायचे. राजाची तेवढी चिठ्ठी नसायची. राजा सर ठरवायचे. आमचा राजा दत्ताजी. इनामदाराचा मुलगा, उंच, आवाज खणखणीत. "शोभतो," सर म्हणायचे.

आणि प्रत्येक सैन्यात एक वैद्य. मेलेल्यानं पडून राहायचं. वैद्यानं येऊन खांद्यावर हात ठेवून 'ऊठ' म्हटलं की तो जिवंत. वैद्याशिवाय उठायचं नाही. लहान पोरं विषामृत खेळतात तसलाच प्रकार. फक्त मिशा फुटलेल्या बाप्यांनी खेळायचा.

त्या दिवशी आमचा वैद्य मारुती. खानापूरकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. वर्गात माझ्या शेजारी बसायचा. परीक्षेच्या आधी माझ्या वह्या न्यायचा आणि परत देताना प्रत्येक वेळी म्हणायचा, "लई उपकार झालं बघ."

मी पडून होतो. पाचोळ्यात पावलं वाजली. डोळे किलकिले करून बघितलं. मारुतीच. मला बरं वाटलं. मुंग्या मांडीपर्यंत पोचल्या होत्या. तो दोन हातांवर येऊन थांबला. वाकला सुद्धा. तेवढ्यात झाडांतून दत्ताजीची हाक आली, "मारत्या, चल की! तिथं काय करालास?"

मारुतीनं आपल्या हाताकडं बघितलं. हात पँटीला पुसला. आणि गेला.

मला वाटलं, येईल परत.

ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं. लांब कुठंतरी शिट्टी वाजली, पाठोपाठ आरडाओरडा. मग तोही थांबला. पाखरं गप्प झाली. त्या रानात अस्वलं हिंडतात, एकट्यानं फिरायचं नाही, असं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पलीकडं पाचोळ्यात काहीतरी जड चाललं. थांबलं. माझा श्वास ऐकत असल्यासारखं थांबलं. परत चाललं.

मी उठलो नाही. नियम होता म्हणून. असला आज्ञाधारक मेलेला त्या रानानं बघितला नसेल. दोन तास झाले असतील. पुढच्या झाडाचं खोड दिसेनासं झालं, तेव्हा माझा मीच उठलो. चोरी केल्यासारखा.

तळावर पंगत बसली होती. दत्ताजीनं मला बघितलं आणि ओरडला, "आरं, मेलेला हिंडतोय बघा रं!"

सगळे हसले. मी पण हसलो. लिहिताना सगळ्यात जड जातंय ते हेच. मी हसलो.

माझं ताट पंगतीच्या टोकाला होतं. शेजारी एका माणसाची जागा सोडून. रोज तशीच सुटायची. कुणी सोडायला सांगितलेली नव्हती.

हात धुताना मारुती मागं येऊन उभा राहिला. हळू बोलला. "लावला असता रं हात. पर मला अजून पाच दिस त्यांच्यात बसून जेवायचंय."

त्याचा राग आला नाही, हे खरं सांगतो. मला त्याची अडचण पटली. दुसऱ्याची अडचण पटवून घेण्यात मी फार हुशार होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत चिठ्ठ्या निघाल्या. माझी उघडली. वैद्य.

मोठ्यानं वाचून दाखवायची पद्धत होती. मी वाचली. आमच्या सैन्यातलं हसणं-खिदळणं एकदम बंद. दत्ताजी म्हणाला, "सर, परत टाकूया की."

"चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी," सर म्हणाले. वहीत लिहून घेतलं.

आज ह्यांना माझ्याशिवाय उठता येणार नव्हतं. मी ओढ्यावर गेलो आणि साबणानं हात धुतले. एकदा धुतले. परत धुतले. नखं काढली. कुणीही सांगितलं नव्हतं. का धुतले, हे कळायला मला पुढं बरीच वर्षं लागली.

लढाई सुरू झाली. आमचा पहिला माणूस उतारावर पडला. मी धावलो. मी हाताच्या अंतरावर आलो तसा तो कुशीवर वळला. मला वाटलं, मुंगी चावली असेल. मी त्या बाजूला गेलो. तो उपडा झाला आणि कोपरांवर सरपटत पुढं सरकला. डोळे मिटलेले. दुसरा पडला होता आंब्याच्या बुंध्याशी. माझी चाहूल लागली तशी त्यानं दोन्ही खांदे हातांनी झाकून घेतले. तिसरा नुसताच म्हणाला, "ऱ्हाऊ दे. दम लागलाय."

मेलेली माणसं मला बघून सरकत होती.

हळूहळू रान आमच्या माणसांनी भरत गेलं. जिकडं बघावं तिकडं आडवी माणसं. कण्हणं नाही, बोलणं नाही. मी मधून चाललोय, उजवा हात पुढं धरून. आणि मिटलेल्या पापण्यांखालून सगळे माझ्या त्या हाताकडं बघताहेत. साबणाचा वास येत होता हाताला. त्या रानात मी अस्वलाला भ्यालो होतो. त्या दुपारी ते सगळे मला भ्याले होते.

मग दत्ताजी पडला. राजा. शेवटच्या शिट्टीपर्यंत राजा उठला नाही तर सैन्य हरलं, असा नियम. मी धावत गेलो. गुडघ्यावर बसलो. हात त्याच्या खांद्यापाशी नेला. वीतभर अंतर राहिलं असेल. त्यानं डोळे उघडले.

"तू नगं."

"हरशील की."

"हरू दे. तू नगं. हात लावलास तर बघ."

हळू बोलला, दात आवळून. शेजारच्यालाही ऐकू गेलं नसेल.

सर कुठून तरी बघत असावेत. लांब शिट्टी दिली, खेळ थांबवला. मेलेल्यांना पडूनच राहायला सांगितलं. माझ्याजवळ आले. रागावले नाहीत. चेहऱ्यावर मोठी काळजी होती. "खेळ सगळ्यांचा आहे," ते म्हणाले. "कुणाला बाहेर ठेवायचं नाही. आणि कुणाचं मनही दुखवायचं नाही." मग निरगुडीची एक फांदी मोडली, पानं ओरबाडली आणि हातभर काठी करून माझ्या हातात दिली.

"हिनं खांद्याला लाव. आणि ऐका रे सगळे, आजपासून कुणीही वैद्य झाला तरी काठीनंच लावायचं. नियम सगळ्यांना सारखा."

पडल्या पडल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मलाही बरं वाटलं. सुटलो असं वाटलं. लपवत नाही. मी ती काठी घेतली आणि दत्ताजीच्या खांद्याला टेकवली. "ऊठ," म्हणालो. तो उडी मारून उठला. "जगलो रं!" ओरडला. परत टाळ्या.

पुढचा मारुती होता. उताणा पडला होता, डोळे गच्च मिटून. माझी पावलं वाजली तसा त्यानं खांदा उचलला. काठीसाठी. आपणहून.

"लाव की रं लवकर," तो म्हणाला. "मुंग्या हाईत हितं."

काठी हवेतच राहिली. माझ्या अक्षरातल्या वह्या ह्यानं उशाला घेतल्या होत्या. तो खांदा रोज बाकावर माझ्या खांद्यापासून वीतभर असायचा. मी मान वर करून रानात बघितलं. काठीची वाट बघत पडलेली माणसं. पलीकडं उभी असलेली दुसऱ्या सैन्याची. आणि मध्ये सर. वर्षभरानं हे सगळे गुरुजी होणार होते. बेचाळीस गावांत. प्रत्येकाच्या पुढं चाळीस-पन्नास पोरं, आणि त्यातली चार-पाच आमच्या वाड्यातली. त्यांची पाटी हे तपासणार कशी? पडलं पोर, तर उचलणार कशानं?

आणि मी? मी शिकवणार काय? काठी लांबून कशी लावायची ते?

आदल्या दिवशी नुसतं सोडून दिलं होतं मला. आज माझ्याच हातानं मला लांब ठेवत होते. वर नियम सारखा.

मी काठी खाली ठेवली. फेकली नाही, मोडली नाही. ठेवली.

"सर, हातानं लावायचं असलं तर खेळतो. न्हायतर न्हाय."

"अरे, तुझ्यासाठीच तर नियम बदलला."

"म्हणूनच न्हाय."

सरांनी वही मिटली. आवाज चढवला नाही. "शेऱ्याशिवाय सर्टिफिकेट मिळत नाही. माहीत आहे ना?"

"म्हाईत हाय."

"घरी काय सांगशील?"

"झालं ते सांगीन."

कुणी हललं नाही. मेलेले मेलेलेच राहिले, जिवंत होते तेही उभेच. दत्ताजी कपडे झाडत होता. मी तंबूत जाऊन वळकटी बांधली. रानातून गुंजी स्टेशनची वाट धरली. मागं शिट्टी वाजली, खेळ परत सुरू झाला. वैद्य दुसरा मिळाला असणार. मारुती माझ्या मागं येईल असं मला वाटत होतं. बऱ्याच वेळा मागं वळून बघितलं. वाटेवर कुणी नव्हतं. स्टेशनच्या बाकावर जाऊन बसलो. धैर्य वगैरे काही नव्हतं. एक वर्ष गेलं, नोकरी गेली, बायकोची वर्षभराची मजुरी रानात टाकून आलो, एवढंच डोक्यात घुमत होतं.

दुसऱ्या दिवशी निपाणीला पोचलो. बायको वखारीतून नुकतीच आली होती. केसांत, भुवयांत तंबाखूची धूळ. खोकत होती. तोंड न धुताच उंबऱ्याजवळ बसली आणि म्हणाली, "चार दिस आधी कसं आलासा?"

मी सगळं सांगितलं. नमस्कार, मुंग्या, पंगतीतलं हसणं, साबण. काठीचंही सांगितलं. ते सांगताना मान खाली गेली.

"किती जणास्नी लावलासा काठी?"

"एकाला."

आई आत विड्या वळत होती, तिचा हात थांबला. मला वाटलं आता बायको रडेल, नाहीतर शिव्या घालेल. दोन्हीला माझी तयारी होती.

"पुढल्या साली परत असतंय न्हवं शिबिर?"

"असतंय. पर तेच सर असणार. परत काठीच देतील."

बायकोनं पदरानं भुवया पुसल्या, उठली, तोंड धुवायला बादलीकडं गेली. पाण्यात हात घालून, माझ्याकडं न बघता म्हणाली, "जावा. काठी दिली तर एकालाबी न लावता परत या. त्याच्या पुढल्या साली परत जावा. वखार काय पळून जात न्हाय."