पारूबाईचं वाकणं

तुम्ही मला बघून हसला आहात, म्हणून तुम्हालाच सांगते. नवऱ्याला हे सांगितलेलं नाही. मुलीला नाही. ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्यांच्या लेखी ते रोजचं काम होतं, दुसऱ्या दिवशी ते विसरूनही गेले असतील. विसरले नाही ते मीच. आणि तरी तोंडातून अवाक्षर काढलं नाही — तोंडावर पोट भरणारी बाई मी, आणि नेमकं हेच बोलता आलं नाही.

टीव्हीवरची माझी पारूबाई तुम्हाला माहीत आहे. माहीत नसेल असं घर महाराष्ट्रात कमीच. दार आलं की वाकते ती. बँकेचं काचेचं दार, मॉलचं सरकतं दार, पंचतारांकित हॉटेलचं हत्ती जाईल एवढं दार — पारूबाई कमरेतून वाकणार, गुडघे मोडणार, एक हात डोक्यापेक्षा वर धरणार आणि मग आत शिरणार. शाळांच्या स्नेहसंमेलनात पोरं करतात ते. लग्नात नवरानवरी मांडवात शिरताना तसं वाकून व्हिडिओ काढतात. मला रस्त्यात लोक अडवतात ते ऑटोग्राफसाठी नाही. म्हणतात, एकदा वाकून दाखवा.

हे कुठून आलं? असं प्रत्येक मुलाखतीत विचारतात. मी म्हणते, सुचलं.

पहिल्यांदा म्हटलं तेव्हा जीव टांगणीला लागलेला होता. स्किटच्या कार्यक्रमात मला घेतलं होतं, पण माझं एकही प्रहसन चालत नव्हतं. मी आणि लेखकाचा विनोद, दोघंही मंचावर मरून पडायचो. दिग्दर्शकाने सांगून टाकलं, सोमवारी काही नवीन दिसलं नाही तर गावाकडची बस धर. सोमवारी माझ्याकडे काहीच नव्हतं. तालमीच्या हॉलबाहेर उभी राहिले, आणि का कोण जाणे — आत शिरताना मी माझी आई झाले. दिग्दर्शक हसून हसून खुर्चीतून घसरला. डोळे पुसत म्हणाला, कुठून आणलंस हे? मी म्हणाले, सुचलं सर.

तुम्ही म्हणाल, एवढंच? आईची लकब उचलली? अहो, ते तर सगळेच उचलतात. नट म्हणजे घरचा चोर. नाही, ते सांगायला मी बसलेले नाही. तिथपर्यंत यायला मला वेळ लागतोय एवढंच.

आमचं गाव पाटोद्याकडचं. जमीन होती, पण पाणी नव्हतं, म्हणजे जमीन होती असं म्हणायची पद्धत होती. दसरा झाला की अख्खी आळी ट्रकमध्ये बसून ऊस तोडायला जायची, पार घाटाखालच्या कारखान्यांपर्यंत. तिथे राहायला कोपी — बांबू वाकवून त्यावर उसाचं वाळलेलं पाचट टाकलेली झोपडी. तिचं दार इतकं बुटकं की उभ्याने माणूस शिरूच शकत नाही. अर्धं वर्ष कोपीत काढल्यावर आमच्याकडच्या बायकांना दार दिसलं की आपोआप मान खाली जाते. घरी परतल्या तरी जाते. शाळेच्या, दवाखान्याच्या दारातही जाते.

पण आई जास्त वाकायची. कारण मी तिच्या खांद्यावर असायचे. उसाच्या फडातून दमून आलेली बाई, खांद्यावर पोर, आणि समोर ते बुटकं दार. ती दुप्पट वाकायची आणि एक हात वर धरायची, माझ्या डोक्यावर, बांबू लागू नये म्हणून. मी मोठी झाले, खांद्यावरून उतरले, आश्रमशाळेत गेले. आईचं वाकणं तेवढंच राहिलं. हातही तिथेच राहिला.

त्या हातालाच सगळ्यात मोठा हशा येतो, हे तुम्हाला माहीत असेल. डोक्यावर काही नसताना ही बाई हात का धरते? प्रेक्षकांना कळत नाही म्हणून ते हसतात. मला कळत होतं.

पारूबाई घराघरांत पोचल्यावर एका वर्षी दुष्काळ आला. ऊसच नाही म्हणून आमच्या जिल्ह्यातला एक सहकारी कारखाना बंद पडून होता. पुन्हा सुरू झाला तेव्हा चेअरमनना गर्दी हवी होती. गव्हाणीत, म्हणजे ऊस गाळपाला जिथून आत ओढला जातो तिथे, पहिली मोळी टाकायला त्यांनी मला बोलावलं. फोनवर म्हणाले, ताई, तुम्ही आपल्या मातीतल्या. येताना आईंनाही आणा.

आईने जन्मभर मोळ्या बांधल्या, डोक्यावरून वाहून ट्रकमध्ये चढवल्या, पण गव्हाण कधी पाहिली नव्हती. ऊस गेटातून आत जायचा, तोडणारे बाहेर राहायचे. त्या दिवशी ती मी आणलेलं नवं लुगडं नेसली आणि सारखी पदर सारखा करत राहिली. पुढे जमिनीवर तोडणीच्या टोळ्या बसल्या होत्या, मागे खुर्च्यांवर पुढारी आणि पत्रकार. गव्हाणीकडे जाणाऱ्या वाटेवर ऊस आणि केळीचे खांब लावून कमान केली होती. भरलेला ट्रक आरामात जाईल इतकी उंच.

आई कमानीखाली आली आणि वाकली. कमरेतून. हात वर.

मागच्या खुर्च्यांतून जो हशा उठला तो मी कधीच मिळवलेला नाही. शिट्ट्या, टाळ्या, पारूबाई पारूबाई असा गजर. आई थांबली. तिला कळेना काय झालं. आधी तीही हसली, लोक हसतात म्हणून. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

चेअरमन माइकवरून म्हणाले, "काय आई, लेकीचीच नक्कल व्हय?"

माइक त्यांनी माझ्या हातात दिला. वाक्य माझ्या जिभेवर होतं — नक्कल मी करते, ही खरी. एवढंच. किती शब्द झाले? पण समोर कॅमेरे होते, आणि सुचलं, सुचलं म्हणून मी इतक्या वेळा सांगून बसले होते. आणि खरं सांगू? तेवढंच नव्हतं. पारूबाई कोपीतून आली हे कळलं तर लोकांना तिची कीव येईल, आणि कीव आली की हसू थांबतं. माझं दुकान बंद होईल. मी म्हणाले, काय करणार साहेब, दिवसभर मलाच बघते टीव्हीवर, सवय लागली तिला.

पुन्हा हशा. पुढे जमिनीवर बसलेल्या बायका मात्र हसल्या नाहीत. एकही नाही. शेवंतामावशी, जी वर्षानुवर्षं आईच्या टोळीत होती, तिने पदर तोंडावर ओढून घेतला.

गाडीत आई बराच वेळ बाहेर बघत राहिली. आमच्या बाजूचं रान अजून उघडंच होतं, हिरवं काही नव्हतं बघायला. मग म्हणाली, "म्या टीव्हीत बघून वाकते, व्हय गं?"

मी म्हटलं, गंमत असते ती, लोकांना हसवायला बोलावं लागतं.

"बरं," ती म्हणाली. "तू म्हनतीस तर तसंच आसंल."

तिने भांडायला हवं होतं. तिने माझं खोटं उचललं आणि मोळीसारखं डोक्यावर घेतलं. गावात पोरं पारूबाई म्हणून ओरडली की ही हसून सांगायची, लेकीचं बघून बघून लागली बया सवय. सगळ्यांना सांगायची. एका लग्नात शेवंतामावशीने मला बाजूला घेतलं. म्हणाली, "तुझी माय मला सांगती, टीव्हीत बघून शिकले म्हनून. मला. म्या तिच्या शेजारच्या कोपीत बाळंत झाले." आणि जेवायला निघून गेली. मी पंगतीत तिच्यासमोर बसायचं टाळलं.

आता येते तिथे.

चॅनेलला कलाकारांच्या घरी जाऊन भाग करायचा होता. आमच्या गावी गाडी आली, दिवे आले. आईला दारातून आत यायला सांगितलं, ती वाकली, सगळे खूश. मग विचारलं, आजी, हे कुणी शिकवलं? आई खाली बघत म्हणाली, "मला काय येतंय बाबा, तिनंच शिकीवलं." आवाज अगदी बारीक. चेहरा पडलेला. बघणाऱ्याला शंका यावी असा.

मी कॅमेऱ्यामागे उभी होते. तिथे थांबवता आलं असतं. कुणी माइक पुढे केला नव्हता, चेअरमन नव्हते, गर्दी नव्हती. घाई नव्हती. घर आमचं होतं. तिथे मी माझ्या आईला म्हणाले, "माय, अजून एकदा. जरा हसून म्हण."

दिग्दर्शक नाही बोलला ते. मी बोलले.

ती उठली, बाहेर गेली. पुन्हा दारातून वाकून आत आली, हात वर धरला, आणि या वेळी हसून म्हणाली, "तिनंच शिकीवलं." मग माझ्याकडे बघून विचारलं, आता बरं झालं का? मी अंगठा दाखवला.

भाग खूप चालला. त्या वर्षी मला बक्षीस मिळालं, पात्रनिर्मितीसाठी. आई पुरस्कार बघायला आली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. दुखतही असतील. मी आग्रह केला नाही.

आई मागच्या उन्हाळ्यात गेली. चॅनेलने श्रद्धांजली म्हणून तोच तुकडा दाखवला, हसरा. हजारो लोकांनी बघितला, रडणारी चिन्हं टाकली. मीही तो माझ्या फेसबुकच्या पानावर टाकला. वर दोन शब्द लिहावेत म्हणून थोडा वेळ विचार केला, आणि लिहिलं — माझी पहिली शिष्या.