तीच फाइल, पुन्हा एकदा

आधी माफी मागतो. इथे लिहिणारे सगळे अनुभवी दिसतात आणि मी बीएस्सी आयटीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे मोठं काही लिहायचं म्हटलं की हात अडखळतो. चुकलं तर सांभाळून घ्या... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. गावात ताप आला की लोक भगताकडे धावायचे आणि मी गोळी द्या म्हणून भांडायचो. आजही भांडेन.

आमचं गाव नेऱ्याच्या पुढे, डोंगराखाली. कॉलेज सांभाळून मी जुन्या पनवेलमधल्या एका फोटो स्टुडिओत काम करतो. दुसरा मजला, चार कॉम्प्युटर, कोपऱ्यात सर्व्हर. शूटिंग झालं की कॅमेऱ्याची कार्डं माझ्याकडे येतात. मी ती सर्व्हरवर चढवतो, मग एडिटर कामाला लागतात.

गेल्या फेब्रुवारीत आमच्याच गावात हळद होती, शूटिंग आमच्याच स्टुडिओचं. आमच्याकडे हळदीला धवलारीण लागते, म्हणजे लग्नाचे धवले म्हणणारी बाई. तिचा धवला पुरा झाल्याशिवाय डीजे वाजवायचा नाही. ती धवलारीण माझी काकू. त्या दिवशी नवऱ्यामुलाचा मामेभाऊ भरत याने पिऊन मध्येच डीजे लावला. काकूचा मुलगा रूपेश उठला आणि त्याने वायर काढली.

"आई बोलतंय ना. दोन मिन्टं थांब."

भरतने मांडवाचा लोखंडी पाइप उचलला आणि त्याच्या डोक्यात घातला. एकदाच. रूपेश हळदीच्या पाटाशेजारी पडला. मी तिथेच होतो... इतकं रक्त मी कधी पाहिलं नव्हतं. पिवळ्या अक्षता त्यात तरंगत होत्या.

सकाळपर्यंत गाव फिरलं होतं. भरतच्या वडिलांशी वाकडं कोणाला नको होतं. "नाचताना पाय घसरला," असं सगळे बोलू लागले. रूपेश पनवेलला हॉस्पिटलात बेशुद्ध होता. खरं सांगणारी एकच गोष्ट उरली होती, चौदा मिनिटांची क्लिप.

सकाळी दहाला सगळ्यात आधी मी तीच क्लिप सर्व्हरवर पाठवली. पोलिसांकडे कार्ड देण्याआधी एक कॉपी आपल्याकडे असावी म्हणून. दहा जीबीची फाइल, दोन मिनिटांत जायला हवी. पण स्पीड सेकंदाला बारा एमबीवर अडकला. नवव्या मिनिटाला तर शून्यावर आला, थोडा वेळ तसाच राहिला, मग पुन्हा बारा.

"काय रे इंजिनिअर," आमचा मालक नितीनदादा म्हणाला, "सर्व्हर आहे की बैलगाडी? अजून तीन लग्नांची कार्डं यायचीत."

"इंजिनिअर नाही दादा, बीएस्सी."

"मग अर्धा इंजिनिअर. बघ काय झालंय ते."

एवढ्यात हॉस्पिटलातून काकांचा फोन आला. रूपेशचे टाके सुटले, परत रक्त आलं. मी म्हटलं, दहा-पंधरा मिनिटांत कार्ड घेऊन निघतो. ती दहा-पंधरा मिनिटं मी सर्व्हरला दिली, हे आता लिहितानाही...

बारा एमबी म्हणजे बहुतेक वायर खराब. मी नवी लावली. टेस्ट करताना फाइल बदलायची नाही, हे आम्हाला कॉलेजात शिकवलंय. तीच फाइल पाठवली तरच तुलना होते. मी तीच पाठवली. पुन्हा बारा, नवव्या मिनिटाला पुन्हा शून्य. मग नेटवर्कच्या स्विचचं पोर्ट बदललं. त्यावरचा लाइट बरोबर, सर्व्हरची डिस्क ठीक. तिसऱ्यांदा पाठवली. तेच.

काकांचा फोन आला तेव्हा ते रडत होते. "बाबू, डोका परत फुटला रं. आता तिसऱ्यांदा. डॉक्टर आमच्यावर वरडतो, कोणी मारला ईचारतो. कोण हात नाय लावला. आमी सगले भायेरच हाव."

का कोण जाणे, तेव्हा मी पहिल्यांदा दुसरी फाइल पाठवून पाहिली. ती काही सेकंदांत गेली. तिसरी, चौथी, सगळ्या गेल्या. मग मी ती क्लिप उघडली. क्लिप चौदा मिनिटांची आणि कॉपीलाही प्रत्येक वेळी चौदाच मिनिटं. नवव्या मिनिटाला भरतचा पाइप खाली येतो.

मी कार्ड काढलं, पोलीस चौकीत दिलं. त्यांनी क्लिप तिथेच कार्डावरून पाहिली आणि एक वाजेपर्यंत भरतला उचललं. मी हॉस्पिटलात गेलो. काकू बाकावर बसून अर्धा राहिलेला धवला पुटपुटत होती. मला वाटलं, संपलं.

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली तेव्हा मला आठवलं. सर्व्हरवर आलेली प्रत्येक नवी फाइल रोज दोन वाजता आपोआप दुसऱ्या डिस्कवर कॉपी होते. तो बॅकअप मीच लावला होता. मी नितीनदादाला फोन केला.

"दादा, सर्व्हरची पिन काढा. आत्ता."

"वेडा झालास का? दोन जण एडिटिंगला बसलेत."

"रूपेशची शपथ दादा, काढा."

"बरं, बरं. चहाला खाली आलोय, जिना तरी चढू दे."

मी फोन कानाला लावून आयसीयूच्या काचेपाशी उभा राहिलो. फोनमध्ये दादाच्या चपला जिन्यावर वाजत होत्या. दोन वाजून नऊ मिनिटांनी रूपेशचं डोकं उशीवरून एका बाजूला फेकलं गेलं. खोलीत नर्स होती, ती चार हात लांब. आवाज मात्र आला, लोखंडाचा. बँडेज फाटलं आणि समोरची भिंत लाल झाली. काकूचं पुटपुटणं थांबलं.

"काढली रे पिन," दादा फोनवर म्हणाला.

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. मी सरांना विचारलं, नेटवर शोधलं. कारण सापडलं नाही. क्लिप मी अजून पुसलेली नाही, पुसताना काय होईल याची भीती वाटते.

परवा वकिलांचा फोन आला. पोस्टमॉर्टेमच्या अहवालात पाच घाव आहेत, त्याच पाइपचे, एकाच जागी, एकावर एक. हॉस्पिटलने कागदावर टाके सुटले एवढंच लिहिलंय. भरत तुरुंगात सगळ्यांना सांगतोय की आईशपथ, मी एकदाच मारला. कोणी ऐकत नाही. क्लिपमध्ये एकच दिसतो, तर बाकीचे कॅमेरा वळल्यावर मारले असतील असं पोलीस म्हणतात.

मला साक्षीला बोलावलंय. वकील म्हणाले, घाबरू नकोस, एवढंच विचारतील की वार किती झाले.