एमिट मोठा की बॅरी?

ॲन आर्बरच्या आमच्या मराठी कंपूत विनय करंदीकर हा एकटाच एमिट स्मिथचा माणूस. डेट्रॉईटच्या इतक्या जवळ राहून डॅलसच्या खेळाडूची बाजू घ्यायची म्हणजे निव्वळ वाकडेपणा, असं आम्हा बॅरी सँडर्सवाल्यांचं ठाम मत. दोघेही अमेरिकन फुटबॉलमधले रनिंग बॅक, म्हणजे चेंडू काखेत दाबून धावणारे. डेट्रॉईटचा बॅरी चौघांना चकवून निसटला की आम्ही खुर्चीतून उठायचो. विनय म्हणायचा, "विश्वनाथ बघायला छानच रे, पण मॅच वाचवायला गावस्करच लागतो."

हा हट्ट कुठून आला ते उघड होतं. तरुणपणी तो मोटारींच्या एका कंपनीत इंजिनिअर म्हणून लागला, तो निवृत्तीपर्यंत तिथंच. बर्फ असो, ताप असो, साहेबाची बोलणी असोत, टिकून राहणं हाच त्याचा देव.

२००२ साली एमिटनं कारकिर्दीत सर्वाधिक यार्ड धावण्याचा विक्रम केला. बॅरी तीन वर्षांपूर्वी त्याच विक्रमाच्या अगदी जवळ असताना अचानक निवृत्त झाला होता. त्या थँक्सगिव्हिंगला विनयच्या घरी टीव्हीवर मॅच चालू होती, टर्कीच्या जागी शोभनावहिनींचा कोंबडीचा रस्सा होता आणि विनयचं तोंड सुटलं होतं. त्याची मुलगी हिमानी शिकागोहून आली होती. ती सर्जरीची रेसिडेन्सी, म्हणजे सर्जन होण्याआधीची हॉस्पिटलातली उमेदवारी, करत होती. चेहरा अगदी ओढलेला.

"विक्रम हाताशी आला, आणि बॅरी बसला घरी!" विनय गरजला. "मध्येच सोडणारा कसला मोठा? ते टॅलेंट गेलं चुलीत."

"मे बी ही वॉज जस्ट डन, बाबा," हिमानी म्हणाली.

"डन म्हणायची चैन मी केली असती, तर तू आज डॉक्टर झाली नसतीस."

आम्ही हसलो. हिमानीही हसली.

ती परत गेल्यावर शोभनावहिनींनी सांगितलं, पोरगी रेसिडेन्सी सोडतेय हे सांगायला आली होती. तिला शाळेत सायन्स शिकवायचं होतं. विनयनं लगेच फोन लावला. "अगं, मी फुटबॉलबद्दल बोलत होतो! तू खुशाल सोड."

"इट्स ओके, बाबा. आय विल फिनिश."

त्यानं पुन्हा पुन्हा विनवलं, दर वेळी तेच उत्तर. विनयनं मॅच बघणंच सोडलं. आम्ही मुद्दाम एमिटचं नाव काढून डिवचलं, तरी तो उठून आत जायचा. अपराधी वाटतं म्हणाला एकदा, सरळ.

हिमानीनं पूर्ण केलं. मोठ्या हॉस्पिटलात नावही झालं. घरी मात्र ती दिवाळीलासुद्धा येते ती अर्धं लक्ष पेजरकडे ठेवून, आणि सोफ्यावरच झोपून जाते.

यंदा, २००८च्या संक्रांतीला, मंडळानं तिचा सत्कार केला. माइक हातात घेऊन ती म्हणाली, "थँक यू, बाबा. तुमच्यामुळे मी क्विट केलं नाही."

सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. मी अभिनंदनासाठी हात पुढे केला, पण विनयनं तो घेतला नाही.

"टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं रे," तो म्हणाला. "ती मनापासून बोलली."