नाण्यावरचा मोर

आई गेल्यानंतर तीन महिन्यांनी मी बाबांना पुण्याहून टोकियोजवळच्या ग्योतोकुला, माझ्या घरी घेऊन आले. बँकेने मला जपानला पाठवलं त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. आईचं आजारपण मी फोनवरच पाहिलं. पुण्यात पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. बाबांनी त्याबद्दल मला एका शब्दानेही बोल लावला नव्हता.

इथे ते दिवसभर खिडकीशी बसून राहत. माझी मुलगी त्यांना जपानीतच उत्तरं द्यायची, त्यामुळे नातीशीही बोलणं होईना. बाबांनी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. सातवाहनांचा रोमशी चालणारा व्यापार ते रंगवून सांगत, पण रोमन नाणं त्यांनी फक्त पुस्तकात पाहिलेलं. म्हणून एका रविवारी मी त्यांना टोकियोतल्या जुन्या नाण्यांच्या दुकानात नेलं.

दुकानदार बाबांच्याच वयाचे. त्यांनी ब्राँझचं एक जाड, हिरवट पडलेलं नाणं बाबांच्या तळहातावर ठेवलं आणि भिंग दिलं. एका बाजूला स्त्रीचा चेहरा, वेण्या डोक्यावर गुंडाळलेल्या, नाक झिजून सपाट झालेलं. उलट्या बाजूला मोर.

"रोममध्ये मोर कसा?" बाबांनी विचारलं. कित्येक दिवसांत त्यांनी आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न.

मी मोडक्यातोडक्या जपानीत तो पुढे केला. ही सम्राटाची बायको, दुकानदार म्हणाले. ती वारल्यावर त्याने ही नाणी पाडली. मोर गेलेल्या राणीला स्वर्गात नेतो, अशी त्या लोकांची समजूत.

"किती दिवस पाडत होता?"

दुकानदारांचं उत्तर मी मराठीत सांगितलं, "स्वतः मरेपर्यंत."

बाबांनी भिंग खाली ठेवलं. अंगठा त्या झिजलेल्या चेहऱ्यावरून फिरत राहिला. "घेऊ या का?" मी विचारलं, तर ते म्हणाले, "नको. दुसऱ्याची बायको आहे ती." नाणं त्यांनी दोन्ही हातांनी परत दिलं.

स्टेशनवर गाडी आली तरी बाबा बाकावरून उठले नाहीत.

"शेवटच्या दिवशी ती तुझंच विचारत होती," ते म्हणाले. "मी सांगितलं, पोरगी विमानतळावर उतरली, टॅक्सीत बसली, येतेच आहे. तू तर इथून निघालीही नव्हतीस. तू येणार म्हणून तिने वेणी घालून मागितली. मला कुठली येते वेणी? कसेबसे केस बांधले. जन्मात तिच्याशी खोटं बोललो नव्हतो गं."

त्या दिवशी मी ऑफिसात होते. एक मीटिंग उरकून मग निघू, असं मीच ठरवलं होतं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या बाकावर बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत, समजूतही घातली नाही. आणखी दोन गाड्या गेल्या. पुढच्या गाडीत आम्ही चढलो आणि ग्योतोकुपर्यंत उभ्यानेच आलो.

पुढच्या आठवड्यात ते पुण्याला परत गेले. आता रोज फोन होतो. जेवण, औषधं, हवा. आईचा विषय त्यांनीही काढलेला नाही, मीही नाही.